उसनी दुरुस्ती : स्पीकर, खोली आणि वक्र

ध्वनियंत्रणेतला दुरुस्तीचा वक्र हा नेहमी कोणत्या तरी ठरावीक दोषाला उलटा करून काढलेला असतो. स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली सहा डेसिबलने कमी पडत असेल तर तिथे सहा डेसिबल वाढवायचे. खोलीच्या भिंतींमुळे ४५ हर्ट्झचा सूर घुमत असेल तर तो तेवढाच दाबायचा. आजच्या होम थिएटर रिसीव्हरमध्ये हे काम छोटा मायक्रोफोन आणि दहा मिनिटांचे शिट्ट्यांसारखे चाचणी-आवाज मिळून करतात, आणि निघालेली आकडेवारी ‘प्रोफाइल’ म्हणून साठवली जाते. ती असते त्या स्पीकरची, त्या कोपऱ्याची, त्या मायक्रोफोनने ऐकलेली. स्पीकर बदलला आणि प्रोफाइल तीच राहिली, किंवा एका स्पीकरची प्रोफाइल मुद्दाम दुसऱ्याला लावून पाहिली, की दोष एकीकडे आणि उतारा भलतीकडे अशी स्थिती होते. ही विजोड संगणकाच्या काळात जन्मलेली नाही. दुरुस्तीचा पहिला वक्र निघाला तेव्हापासून ती आहे.

सुरुवात टेलिफोनच्या तारेपासून होते. लांब तारेत वरच्या वारंवारता खालच्यांपेक्षा लवकर क्षीण होतात, त्यामुळे दूरच्या माणसाचा आवाज दबका आणि अस्पष्ट येतो. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८७ मध्ये तारेतून आवाज विकृत न होता जाण्याची अट गणिताने मांडली. पुढे अमेरिकेत बेल यंत्रणेतल्या ओटो झोबेल यांनी १९२८ मध्ये तारेच्या टोकाला जोडायच्या दुरुस्ती-जाळ्यांची पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली. असे जाळे ठरावीक लांबीच्या आणि ठरावीक जातीच्या तारेसाठी बांधलेले असे. तीच पेटी आखूड तारेला जोडली की वरचे स्वर गरजेपेक्षा जास्त उचलले जाऊन आवाज किनरा होणार, हे त्या अभियंत्यांच्या हिशेबात उघडच होते. तारा त्यांच्याच मालकीच्या असल्याने कोणती पेटी कुठे बसवायची याची नोंदही त्यांच्याकडेच असे. घरगुती श्रोत्याला ही सोय कधीच मिळाली नाही.

बेलच्याच प्रयोगशाळांमधून १९२५ मध्ये विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण बाहेर पडले आणि दुरुस्तीचा वक्र तबकडीबरोबर घरोघरी पोचला. जोसेफ मॅक्सफील्ड आणि हेन्री हॅरिसन यांच्या या पद्धतीचे परवाने व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी घेतले. खाचा कोरणाऱ्या सुईचा वेग सर्व स्वरांना सारखा ठेवला, तर एक सप्तक खाली उतरताना तिची हालचाल दुप्पट होते. खर्जाच्या जोरदार स्वराला ती शेजारच्या खाचेत घुसण्याची भीती असते. म्हणून एका वळणबिंदूच्या खाली खर्ज मुद्दाम कमी करून कोरायचा आणि वाजवताना तितकाच वाढवायचा, असे ठरले. पुढे त्यात वरच्या टोकाची भर पडली. वरचे स्वर वाढवून कोरायचे, वाजवताना दाबायचे, म्हणजे तबकडीची खरखरही त्यांच्याबरोबर दबते. युक्ती उत्तम होती, फक्त प्रत्येक कंपनीने ती आपापल्या आकड्यांनी केली.

जून १९४८ मध्ये कोलंबियाची लाँग प्ले तबकडी आली तेव्हा तिचा वळणबिंदू ५०० हर्ट्झ होता आणि १० किलोहर्ट्झला १६ डेसिबलची उतरण होती. अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९५१ मध्ये सुचवलेल्या वक्रात हेच आकडे ४०० हर्ट्झ आणि १२ डेसिबल होते. इंग्लंडातल्या डेक्काचा वक्र निराळा, आरसीएचा निराळा. त्या काळच्या चांगल्या प्रीॲम्प्लिफायरवर म्हणूनच वळणबिंदू आणि उतरण निवडायचे खटके असत, आणि कोणत्या कंपनीच्या तबकडीला कोणता खटका हे सांगणारे तक्ते हाय-फाय मासिके छापत. एका वक्राने कोरलेली तबकडी दुसऱ्याने वाजवून पाहणे हा हौशी माणसाचा नित्याचा उद्योग झाला, आणि चुकीचा खटका जास्त गोड वाटल्याचा अनुभवही तेव्हापासूनचा आहे. १९५४ मध्ये अमेरिकेच्या रेकॉर्डिंग उद्योगसंघाने, म्हणजे आरआयएएने, एकच वक्र मान्य केला. त्यात ५० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ आणि २१२२ हर्ट्झ असे तीन वळणबिंदू आहेत. वाजवताना २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबलची वाढ आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढीच घट, इतका तो तिरका आहे. खटके हळूहळू नाहीसे झाले.

याचा फटका मराठी कानाला आजही बसतो. एचएमव्हीच्या मूळ कंपनीचे १९३१ मध्ये ईएमआयमध्ये विलीनीकरण झाले. त्या काळापासूनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या साधारण २५० हर्ट्झच्या वळणबिंदूने कोरलेल्या असत आणि वरच्या स्वरांना वाढ दिलेली नसे. भारतात अशा तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. नाट्यपदांच्या, ख्यालाच्या, भावगीतांच्या या तबकड्या आज बहुधा यूएसबीच्या स्वस्त टर्नटेबलवर संगणकात उतरवल्या जातात, आणि त्या यंत्रात आरआयएएचा वक्र न विचारता लावलेला असतो. परिणामी १०० हर्ट्झच्या आसपास चारपाच डेसिबलचा फुकटचा खर्ज चढतो आणि ५ किलोहर्ट्झला आठ डेसिबलची तूट येते. गायिकेच्या आवाजाची धार आणि शब्दांतले ‘स’, ‘श’, ‘च’ नेमके याच पट्ट्यात असतात. इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक जुन्या ध्वनिमुद्रणांचा मंद, घोंगडीखालचा आवाज जुन्या तंत्राच्या खात्यावर मांडला जातो. त्यातला बराचसा वाटा उतरवणाऱ्याच्या यंत्रातल्या विजोड वक्राचा असतो. संगणकावर तो वक्र उलटा लावून काढता येतो, म्हणजे हा दोष भरून निघण्यासारखा आहे.

ॲम्प्लिफायरवरच्या ‘लाउडनेस’ बटणाची गोष्ट याच जातीची, पण थोडक्यात आटोपणारी. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की आवाज हळू असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो. तो भरून काढणारे बटण आवाजाच्या खुंटीला बांधले गेले. पण खुंटी अर्ध्यावर असताना खोलीत आवाज किती, हे स्पीकरच्या संवेदनशीलतेवर अवलंबून. त्यामुळे ज्या स्पीकरसाठी हिशेब केला तो सोडून इतर सगळ्यांना हे बटण कमीजास्तच बसले.

चित्रपटगृहांत विजोड वेगळ्या वाटेने शिरली. बोलपटाच्या प्रकाशीय ध्वनिपट्टीत खरखर फार असे. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीच्या संशोधन मंडळाने १९३८ मध्ये चित्रपटगृहांसाठी जो प्रमाणित वक्र ठरवला, त्यात वरचे स्वर चांगलेच कापलेले होते. त्याला जुळवून घेण्यासाठी स्टुडिओतले ध्वनिमुद्रक संवादांचे वरचे स्वर वाढवून मुद्रित करू लागले. पडद्यामागचा दोष आणि स्टुडिओतला उतारा एकमेकांना धरून होते, तोवर ठीक होते. १९७० च्या दशकात डॉल्बीने खरखर कमी केली, तेव्हा हा जुना जोड मोडावा लागला. इंग्लंडातल्या एल्स्ट्री स्टुडिओत डॉल्बीच्या आयोआन ॲलन यांनी जवळ ठेवलेला चांगला स्पीकर आणि पडद्यामागचा दूरचा स्पीकर कानाने जुळवून पाहिले. मोठ्या सभागृहात दूरवरून ऐकताना वरच्या बाजूला हलकी उतरण असली तरच दोन्ही सारखे वाटतात, असे त्यांना आढळले. त्यातून ‘एक्स कर्व्ह’ आला : २ किलोहर्ट्झपर्यंत सपाट आणि पुढे दर सप्तकाला ३ डेसिबल उतार.

हा वक्र मोठ्या सभागृहाचा होता. तोच चित्रपट व्हिडिओ कॅसेट आणि लेझर डिस्कमधून दिवाणखान्यात आला तेव्हा उतार मागे राहिला आणि फक्त त्याच्या अंदाजाने मिसळलेला चढा आवाज सोबत आला. संवाद टोचू लागले. टॉमलिन्सन होलमन यांच्या टीएचएक्स उपक्रमाने १९९० मध्ये घरगुती यंत्रांसाठी जी प्रमाणके आणली, त्यांत ‘री-ईक्यू’ नावाची वरचे स्वर थोडे दाबणारी पायरी होती. म्हणजे एका जागेच्या दुरुस्तीने दुसऱ्या जागेत केलेला बिघाड दुरुस्त करायला तिसरी दुरुस्ती लागली. आणि घरासाठी पुन्हा मिसळलेल्या डिस्कवर तेच बटण चालू राहिले, तर आवाज निस्तेज.

स्पीकर आणि त्याचा वक्र यांची सर्वांत प्रसिद्ध जोडी मात्र बोस ९०१ ची. अमर बोस यांचा जन्म १९२९ मध्ये फिलाडेल्फियात झाला. वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. एमआयटीत शिकवत असतानाच त्यांनी १९६४ मध्ये कंपनी काढली आणि १९६८ मध्ये ९०१ बाजारात आणला. एका पेटीत नऊ सारखे छोटे, पूर्ण पल्ल्याचे ड्रायव्हर. एक समोर तोंड करून, आठ मागच्या भिंतीकडे. वूफर नाही, ट्वीटर नाही, क्रॉसओव्हर नाही. जेमतेम चार-साडेचार इंचाच्या ड्रायव्हरकडून खालचा खर्ज आणि वरची चमक दोन्ही निघत नसत. ती कसर भरायला स्पीकरबरोबर एक वेगळी इक्वलायझर पेटी येई आणि ती ॲम्प्लिफायरच्या टेप मॉनिटरच्या फेऱ्यात जोडायची असे. ती पेटी ऐच्छिक नव्हतीच. अर्धा स्पीकर त्या पेटीत होता म्हणायला हरकत नाही. ९०१ बद्दल टोकाची मते होती. त्यावरच्या १९७० मधल्या एका परीक्षणावरून कंपनीने केलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये कंपनी तो हरली. तरीही हा स्पीकर वेगवेगळ्या आवृत्त्यांमधून सुमारे पाच दशके बनत राहिला.

इतक्या दीर्घ आयुष्यात जोड्या फुटणे अटळ होते. जुन्या बाजारात स्पीकर एकाकडे गेले, इक्वलायझर दुसऱ्याकडे. इक्वलायझरशिवायचा ९०१ मधल्याच स्वरांत बोलतो, आणि अनेकांनी तो तसाच ऐकून नावे ठेवली. दुसरा प्रकार जास्त फसवा. पहिल्या दोन आवृत्त्यांच्या पेट्या बंद होत्या. १९७६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यांना हवेची नळकांडी आली आणि ड्रायव्हरही बदलले. बाहेरून पाहणाऱ्याला फरक लगेच कळत नाही, पण एका पिढीची इक्वलायझर पेटी दुसऱ्या पिढीच्या स्पीकरला लावली की खर्जाचा उंचवटा चुकीच्या जागी येतो. आवाज मात्र येत राहतो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. आणि ९०१ ची पेटी भलत्याच स्पीकरला लावण्याचे प्रयोगही झाले. पहिल्या ऐकण्यात खर्ज भरघोस वाटतो. पण तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायला पडद्याला चौपट हालचाल करावी लागते, आणि नळकांडीच्या पेटीत तिच्या ठरावीक वारंवारतेच्या खाली पडद्याला आवरणारे हवेचे काहीच उरत नाही. असे प्रयोग कधी कधी फाटलेल्या पडद्यावर संपले.

बोस यांची कल्पना एकाकी नव्हती. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये नळकांडीच्या पेट्यांचे गणित मांडताना काही रचनांत बाहेरचे विद्युत-फिल्टर हे पेटीचाच भाग म्हणून धरले होते. त्या आधारावर इलेक्ट्रो-व्हॉइसने १९७३ मध्ये ‘इंटरफेस ए’ हा स्पीकर त्याच्या इक्वलायझरसकट विकला. इंग्लंडच्या केईएफने १९८० च्या दशकात ‘क्यूब’ नावाची खर्ज-पेटी दिली, तीही मॉडेलगणिक निराळी. सीगफ्रीड लिंकविट्झ यांच्या नावाने ओळखले जाणारे रूपांतर तर या सगळ्याचा गाभा उघड करते. बंद पेटीतल्या स्पीकरचा खर्ज एका ठरावीक वारंवारतेपासून, एका ठरावीक वळणाने उतरतो. त्या दोन आकड्यांना तंतोतंत उलटे करणारे विद्युतमंडल बांधले की जुनी उतरण पुसली जाते आणि हवी ती नवी बसवता येते. पण पुसणे दोन आकडे जुळले तरच घडते. ६० हर्ट्झच्या पेटीचे मंडल ७५ हर्ट्झच्या पेटीला जोडले, तर जुनी उतरण काही उरते आणि वर नव्या मंडलाचा उंचवटा-खळगाही राहतो. विजोड प्रोफाइलमुळे येणारा ‘अंगचा नसलेला’ खर्ज हा अशा अर्धवट पुसण्याचाच परिणाम असतो.

खोलीच्या दुरुस्तीची परंपरा या स्पीकर-दुरुस्तीहून स्वतंत्र वाढली. टेक्सास विद्यापीठाच्या सी. पी. बोनर यांनी १९६० च्या दशकात सभागृहे आणि चर्चमधली कर्कश शीळ थांबवण्यासाठी अतिशय अरुंद फिल्टर वापरले. ते त्या त्या सभागृहात जाऊन, तिथल्या तिथे जुळवावे लागत. अल्टेक लॅन्सिंगने पुढे एकतृतीयांश सप्तकाच्या फिल्टरसंचाचा व्यवसायच केला. १९७० आणि ८० च्या दशकांत हीच कल्पना सरकत्या दांड्यांच्या ग्राफिक इक्वलायझरच्या रूपाने घरात आली. भारतातल्या स्टिरिओ संचांवरही अशा दांड्या दिसू लागल्या आणि दोन्ही टोके वर, मधला भाग खाली ही ठरलेली रचना जिकडेतिकडे दिसे. तिच्यात मोजमाप नव्हते. होता तो निव्वळ आवडीचा वक्र, जो स्पीकर बदलला तरी बदलत नसे.

मोजमाप करणाऱ्यांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला : दुरुस्त करून नेमके कुठे पोचायचे? डेन्मार्कच्या ब्रुएल अँड केअरचे हेनिंग म्योलर यांनी १९७४ मध्ये ऐकण्याच्या जागेवर खालून वर हळूहळू उतरणारी रेषा सुचवली. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून केलेल्या चाचण्यांनी त्याचे कारण स्पष्ट केले. श्रोत्यांना आवडलेले स्पीकर समोरून सपाट होते आणि बाजूंनाही त्यांचा आवाज एकसारखा पसरत होता. अशा स्पीकरचे खोलीतले मोजमाप आपोआपच उतरते येते. यातून निघणारी गोष्ट दुरुस्तीवाल्यांना फारशी सोयीची नव्हती. स्पीकर बाजूला कसा पसरतो हे इक्वलायझरने बदलत नाही. मायक्रोफोनला दिसलेला खळगा खरोखर स्पीकरचा आहे की बाजूच्या भिंतीवरून परतलेल्या आवाजाचा, हे एका वक्रावरून कळत नाही, आणि न कळता भरलेला खळगा चांगल्या स्पीकरला वाईट करतो.

आकडी तंत्राने मोजणे आणि दुरुस्त करणे एकाच पेटीत आणले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलेस्टियनने काढलेला डीएलपी ६०० हा प्रोसेसर एकाच स्पीकरसाठी, आपल्या एसएल ६०० साठी होता. इतर स्पीकरला तो लावण्यात अर्थ नव्हता, आणि प्रामाणिकपणाच्या दृष्टीने ती रचना आजच्या बहुतेक यंत्रांपेक्षा स्वच्छ होती. टॅक्ट कंपनीच्या यंत्राने त्या दशकाच्या अखेरीस मायक्रोफोन थेट हौशी माणसाच्या हाती दिला. नव्या शतकात पायोनियर आणि यामाहाच्या रिसीव्हरमध्ये आपोआप जुळणी आली. स्वीडनमधल्या उप्साला इथे २००१ मध्ये डिराक, तर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून २००२ मध्ये ऑडिसी या कंपन्या उभ्या राहिल्या. ऑडिसीच्या संस्थापकांत क्रिस किरियाकाकिस यांच्याबरोबर टीएचएक्सचे तेच होलमन होते.

ऑडिसीच्या ठरीव लक्ष्यवक्रात २ किलोहर्ट्झच्या आसपास एक मुद्दाम ठेवलेला खळगा असे. वूफरकडून ट्वीटरकडे आवाज सोपवला जातो तिथे अनेक स्पीकरचा पसारा बिघडतो, त्यावरचा हा उपाय. पण ज्या स्पीकरचा पसारा तिथे बिघडत नव्हता, त्यालाही तो खळगा मिळाला. तो बंद करण्याची सोय पुढे एका विकतच्या मोबाइल ॲपमध्ये आली. मायक्रोफोनचेही तसेच. प्रत्येक यंत्रात आपल्या मायक्रोफोनचा दोष वजा करण्याचे आकडे असतात; दिसायला सारखा पण दुसऱ्या यंत्राचा मायक्रोफोन खुपसला की मोजमापाच्या मुळातच विजोड शिरते. सोनोसने २०१५ मध्ये ‘ट्रूप्ले’ आणले तेव्हा ते फक्त ॲपलच्या फोनवर चालत असे, कारण अँड्रॉइडच्या असंख्य फोनांचे मायक्रोफोन एका हिशेबात बसवणे अवघड होते. मोजमापासाठी मिळणाऱ्या चांगल्या यूएसबी मायक्रोफोनला म्हणूनच त्याच्या अनुक्रमांकानुसार स्वतंत्र दुरुस्ती-फाइल असते.

हेडफोनच्या जगात या फाइलींचा सुकाळ आहे. शेकडो मॉडेलांचे वक्र फुकट मिळतात. तिथे खोलीचा प्रश्न नसतो, पण एका कृत्रिम कानावर मोजलेला हेडफोन आणि दुसऱ्या कृत्रिम कानासाठी ठरवलेला लक्ष्यवक्र यांची गाठ घातली, की वरच्या टोकाला काही डेसिबलची चूक सहज पडते.

स्पीकरच्या बाबतीत विजोड प्रोफाइलचे प्रयोग आज अगदी सोपे झाले आहेत. रिसीव्हरमधली जुन्या स्पीकरची प्रोफाइल तशीच ठेवून नवे स्पीकर जोडले, की प्रयोग सुरू. त्यात ऐकणाऱ्याला फसवणारी पहिली गोष्ट आवाजाची पातळी. एका डेसिबलनेही मोठा आवाज जास्त स्पष्ट आणि भरलेला वाटतो, म्हणून दोन्ही बाजूंची पातळी मोजून सारखी केल्याशिवाय आवडीला अर्थ नाही. ती सारखी केल्यावर जे उरते, ते प्रोफाइलच्या दोन भागांत दोन तऱ्हेने दिसते. घरगुती खोलीत साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली भिंतींमधले अंतर आणि स्पीकर-श्रोत्याची जागा यांचे राज्य असते. नवा स्पीकर जुन्याच जागी ठेवला, तर ४५ किंवा ६० हर्ट्झची घुम बहुतांशी तीच राहते आणि जुन्या प्रोफाइलचा तेवढा भाग कामी येतो. फक्त दोघांचा खर्ज निरनिराळ्या ठिकाणी उतरत असेल तर अगदी खालचे टोक बिघडते. त्याच्या वरचा भाग स्पीकरचा स्वतःचा असतो. तिथे जुन्याचे उंचवटे-खळगे नव्याच्या अंगावर उलटे उमटतात, बहुधा आवाजाच्या रंगात आणि संवादांच्या अनुनासिकपणात. उलट, तेच स्पीकर दुसऱ्या खोलीत हलवले तर वरचा भाग बराचसा चालतो आणि खालचा पूर्ण निरुपयोगी होतो. अलीकडच्या यंत्रांत दुरुस्ती किती वारंवारतेपर्यंत लावायची याची मर्यादा वापरणाऱ्याला ठरवता येते. ती मर्यादा तीनशे-चारशे हर्ट्झवर आणून वरचा भाग स्पीकर बनवणाऱ्याच्या मोजमापावर सोडण्याची पद्धत जाणकार हौशी मंडळींत आता रुळली आहे.